आमच्या उकड्या तांदळात जीएम नाही, हे सिद्ध करताना

भारतात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, भाताची एकही जात लागवडीसाठी मंजूर झालेली नाही. जनुकीय बदल केलेलं एकच पीक आपला शेतकरी कायद्यानं पेरू शकतो, ते म्हणजे बीटी कापूस, तोही 2002 पासून. आणि आमच्या सिंधुदुर्गात कापूस कोणी लावत नाही. तरीही कुडाळ तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला उकडा तांदूळ जर्मनीला पाठवताना 'यात जीएम नाही' हे कागदोपत्री सिद्ध करून द्यावं लागलं. कंपनीचे सगळे कागद मी बघते, त्यामुळे हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच हातून गेलं. कोकणातले आणखी काही गट तांदूळ, नाचणी, कुळीथ बाहेर पाठवायच्या विचारात आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचे खरेदीदार मूळचे वेंगुर्ल्याचे. जर्मनीत त्यांची किराणा मालाची दोन दुकानं आहेत. पेजेचा तांदूळ तिकडच्या आपल्या माणसांना हवा असतो आणि बाजारात मिळतो तो मशीनवरचा बॉइल्ड राइस, त्याला आपल्या उकड्याची चव नाही. भाव ठरला, नमुना पसंत पडला, आणि मग त्यांची मेल आली. कीटकनाशकांच्या अंशांचा अहवाल हवा, हे अपेक्षित होतं. त्याखाली होतं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा जीएमओ पीसीआर अहवाल (पीसीआर म्हणजे डीएनएतले ठरावीक तुकडे शोधणारी चाचणी), आणि बियाणं कुठून आलं त्याचं लेखी निवेदन.

मी फोन केला. म्हटलं, "दादा, आपल्याकडे जीएम भात नाहीच, मग चाचणी कसली?" ते म्हणाले, "ताई, मला ठाऊक आहे. इथल्या अधिकाऱ्याला ठाऊक नाही. त्याच्या फाइलीत 2021 आहे."

2021 मध्ये काय झालं होतं ते मग मी शोधून वाचलं. भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाचं युरोपात पीठ झालं, आणि त्या पिठात मंजुरी नसलेल्या जीएम तांदळाचा अंश सापडल्याची सूचना युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा इशारा यंत्रणेतून सगळ्या देशांना गेली. ते पीठ वापरलेली चॉकलेटची पाकिटं कितीतरी देशांत दुकानांतून मागे घेतली गेली. आपल्या सरकारनं स्पष्ट सांगितलं की भारतात जीएम भाताची व्यापारी लागवड होतच नाही. पण तेव्हापासून भारतीय तांदूळ म्हटला की युरोपातला खरेदीदार हा कागद मागतो. त्याआधी असाच फटका अमेरिकेच्या तांदळाला बसला होता. 2006 मध्ये तिथल्या लांब दाण्याच्या तांदळात एलएल राइस 601 ही विक्रीसाठी मंजूर नसलेली जीएम जात मिसळल्याचं उघड झालं, निर्यात कोसळली, आणि पुढे 2011 मध्ये शेतकऱ्यांच्या दाव्यांत पंच्याहत्तर कोटी डॉलरची तडजोड झाली. तिथं निदान शेतकऱ्यांना भरपाई तरी मिळाली.

युरोपाचा नियम समजायला सोपा आहे. जी जीएम जात तिथं मंजूर आहे तिचा अंश 0.9 टक्क्यांच्या आत असेल आणि तो अनवधानानं आलेला असेल, तर लेबलवर लिहावं लागत नाही. जी जात मंजूरच नाही तिचा अंश मात्र अजिबात चालत नाही. आणि तांदळाची एकही जीएम जात तिथं मंजूर नाही. म्हणजे तांदळापुरती मर्यादा शून्य.

सीमेपलीकडे जाणाऱ्या जीएम मालाचा जागतिक करार वेगळा आहे, कार्टाजेना प्रोटोकॉल. तो 2000 साली स्वीकारला गेला, भारतानं जानेवारी 2003 मध्ये त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी 11 सप्टेंबरपासून तो लागू झाला. त्याचा गाभा असा, की पेरणीसाठी जीएम बियाणं पहिल्यांदा दुसऱ्या देशात पाठवण्याआधी त्या देशाला माहिती द्यायची आणि त्याची संमती घ्यायची. खाण्यासाठी किंवा पशुखाद्यासाठी जाणाऱ्या मालाला नियम सैल आहेत, सोबतच्या कागदांवर त्यात जीएम असल्याची किंवा असू शकत असल्याची नोंद लागते. अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया हे जीएम पिकवणारे मोठे देश या करारात सामील नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हा करार वाचताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तो 'सजीव' मालापुरता आहे, म्हणजे जो रुजू शकतो, वाढू शकतो त्याच्यापुरता. भात रुजतं. उकडा तांदूळ रुजत नाही. आमच्या बायका भात भिजवतात, चुलीवर उकडतात, खळ्यावर वाळवतात आणि मग ते गिरणीत जातं. त्या दाण्यातून कोंब यायचा प्रश्नच नाही. कार्टाजेनाच्या दृष्टीनं आमचा माल विषयच नव्हता. पण युरोपाचा अन्नकायदा दाणा जिवंत आहे की मेलेला हे बघत नाही, तो कशापासून बनला हे बघतो. याच फरकावर आपल्याकडेही एक मोठा निर्णय झाला होता. 2021 च्या ऑगस्टमध्ये कोंबडीखाद्य महागलं तेव्हा केंद्रानं बारा लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि सुरुवातीला ज्या मोजक्या ठिकाणांहून ती आणायची मुभा होती त्यात आपलं न्हावा शेवा होतं. तेल काढलेली, भरडलेली पेंड सजीव नाही, म्हणून पर्यावरण खात्यानं हरकत घेतली नाही. म्हणजे ज्या कोकण किनाऱ्यावरच्या बंदरातून आमचा तांदूळ 'जीएम नाही' म्हणून बाहेर जाणार, तिथूनच जीएम पेंड आत यायला वाट दिली गेली होती. पेंडीचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

पहिलं काम बियाण्याच्या नोंदीचं. प्रत्येक शेतकऱ्याकडून एकेक अर्ज भरून घ्यायचा. जात कुठली, बियाणं घरचं की विकतचं, विकतचं असेल तर पावती आणि पिशवीवरची खूणचिठ्ठी. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका घरचंच बियाणं ठेवतात, सोरटी, वालय, बेळा अशा जुन्या जातींचं. बाकीचे कर्जत आणि रत्नागिरी केंद्रांच्या जाती घेतात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणं, पांढरी म्हणजे पायाभूत. या चिठ्ठ्या लोक पेरणी झाली की टाकून देतात. मी घरोघर फिरून त्या गोळा केल्या. कोणाच्या फडताळात, कोणाच्या देवघराच्या खणात, एकीनं तर रेशनकार्डाच्या कव्हरात जपून ठेवलेली.

एका काकींनी अर्ज बघून मला विचारलं, "गो बाय, ह्यां बियाणां माझ्या सासयेच्या वेळचां. ह्येत तां जीएम खंयसून येतलां?" त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन तुळईला टांगलेली मुडी दाखवली, पेंढ्यानं गच्च आवळलेली. आत बियाण्याचं भात. दर वर्षी उभ्या शेतातल्या चांगल्या लोंब्या त्या स्वतः निवडतात. मी अर्जात 'घरचे बियाणे, तीन पिढ्या' असं लिहिलं आणि मुडीचा फोटो जोडला. पुढे जर्मनीतून त्या फोटोबद्दल खास विचारणा आली, त्यांना ती पद्धत समजून घ्यायची होती.

दोन शेतकऱ्यांनी मात्र बाजारातून सुट्या पिशवीतलं बियाणं घेतलं होतं. पावती नाही, चिठ्ठी नाही, जातीचं नाव दुकानदारानं तोंडी सांगितलेलं. भात उत्तम आलं होतं. पण त्यांचं भात आम्ही या लॉटमध्ये घेतलं नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि ते समजण्यासारखं होतं.

नमुना घेण्याबद्दल प्रयोगशाळेनं आधीच बजावलं होतं की एका पोत्यातून ओंजळभर तांदूळ काढून पाठवू नका. सगळ्या लॉटमधून, वरून, मधून, तळातून, लोखंडी सळई खुपसून थोडे थोडे दाणे काढायचे, एकत्र करायचे, ढवळायचे, आणि त्यातून काही किलोंचा नमुना सीलबंद करायचा. यामागचा हिशोब मला तिथल्या बाईंनी नीट समजावला. हजारात एक दाणा जीएम असेल तर तो नमुन्यात सापडण्याची शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खात्री हवी असेल, तर सुमारे तीन हजार दाणे तपासावे लागतात. दहा हजार दाणे घेतले की खात्री आणखी वाढते, आणि तांदळाचे दहा हजार दाणे म्हणजे साधारण पाव किलोच्या आसपास. एवढं दळायचं, त्यातून डीएनए काढायचा, आणि मग शोधायचं.

शोधायचं काय? अख्ख्या डीएनएत जीएम कुठं आहे ते यंत्र आपणहून सांगत नाही. ठरावीक तुकडे आहेत का, एवढंच ते बघतं. बहुतेक जुन्या जीएम पिकांत जनुक चालू करण्यासाठी फुलकोबीच्या एका विषाणूतला '35 एस' नावाचा तुकडा वापरलाय आणि थांबवण्यासाठी मातीतल्या एका जिवाणूतला 'नॉस' नावाचा. तिसरं, किडीला मारणारं बीटी जनुक. हे तिन्ही बघतात. सोबत तांदळाचा स्वतःचा एक जनुक बघतात, तो दिसलाच पाहिजे, नाहीतर चाचणीच चालली नाही असं समजायचं. पांढऱ्या तांदळात तो सहज दिसतो. उकड्यात उष्णतेनं डीएनएचे तुकडे तुकडे होतात. बाईंनी म्हणूनच सांगितलं होतं की उकड्याचा नमुना जास्त पाठवा, डीएनए पुरेसा निघेल याची खात्री नाही.

निघाला. तांदळाचं जनुक स्पष्ट दिसलं. आणि 35 एसही दिसला, अगदी क्षीण, पण दिसला. बीटी जनुकाच्या रकान्यातही 'आढळले'.

तो अहवाल माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी पंचायत समितीच्या आवारात होते. तिथंच पायरीवर बसले. काकींची मुडी, बायकांनी चुलीसमोर घालवलेल्या दुपारी, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि राग आला. पण राग कोणावर काढायचा? भात तर आमच्याच शेतातलं, बियाण्याचा कागद न् कागद माझ्याकडे.

मी बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे पहिला प्रश्न विचारला, "गिरणीत आणखी काय असतं?"

गिरणीत काय नसतं! आम्ही भातगिरणी ज्यांच्याकडून भाड्यानं घेतो ते पुढच्या पडवीत पशुखाद्य विकतात. कोंडा, गव्हाचा भुसा, आणि घाटावरून येणारी सरकी पेंड. सरकी म्हणजे कापसाचं बी. आणि आज देशात पिकणारा कापूस जवळजवळ सगळा बीटी. कोकणात कापूस कोणी लावत नाही हे खरं, पण कोकणातल्या जवळपास प्रत्येक गोठ्यात तो पेंडीच्या रूपानं रोज येतो. बीटी कापसात 35 एस असतो, बीटी जनुकही असतं. म्हणजे नमुन्यात पेंडीची भुकटी आली असली तरी यंत्र हे दोन तुकडे दाखवू शकतं.

गिरणीतून गोदामात माल नेताना वापरलेल्या गोण्या आम्ही त्या संध्याकाळी उलट्या करून बघितल्या. त्या गिरणीवाल्यांनी दिलेल्या होत्या, वरून धुतल्यासारख्या स्वच्छ. शिवणीत बोट फिरवलं तर करड्या-काळ्या टरफलाचे बारीक तुकडे हाताला लागले आणि त्यांना चिकटलेली पांढरी लव. कापसाची. आमच्यातल्या एका मुलीनं ती चिमटीत धरून उजेडात दाखवली आणि कोणीच काही बोललं नाही.

प्रयोगशाळेला आम्ही तेवढंच विचारलं की याच नमुन्यात कापसाचं स्वतःचं जनुक आहे का ते बघा. होतं. म्हणजे जो अंश दिसला त्याचा उगम सरकीत होता हे मानायला आधार मिळाला. खरेदीदारांना मी सगळं जसंच्या तसं कळवलं, गोणीच्या शिवणीचे फोटो पाठवले. काही जणांनी सुचवलं होतं की दुसऱ्या लॅबला नमुना द्या, बघू काय येतं. मला ते पटलं नाही. उद्या हॅम्बुर्गच्या बंदरात तोच तांदूळ उघडून तपासला गेला असता तर आमचं नाव आणि मागाहून येणाऱ्या दहा गटांचं नाव एकाच वेळी गेलं असतं.

तो लॉट आम्ही इथंच विकला, खायला त्यात काहीच वाईट नव्हतं. दुसऱ्या लॉटसाठी गिरणी एका दिवसापुरती पूर्ण आमच्याकडे घेतली. आदल्या संध्याकाळी पेंडीच्या गोण्या मागच्या शेडमध्ये हलवल्या. यंत्र उघडून झाडलं, चाळण्या काढून घासल्या, पहिले काही किलो भात नुसतंच फिरवून बाजूला काढलं. पिशव्या नव्या कोऱ्या, आत प्लास्टिकचं अस्तर. गोदामात नेणारा टेम्पो आदल्या दिवशी काय घेऊन आला होता तेसुद्धा विचारून लिहून ठेवलं. गिरणीवाल्यांनी मनापासून मदत केली, हे सांगायलाच हवं. मग पुन्हा सळई, पुन्हा नमुना, आणि अहवालात तांदळाच्या जनुकासमोर 'आढळले', बाकी तिन्हींसमोर 'आढळले नाही'.

पुढचं सरळ होतं. युरोपात तांदूळ पाठवायला निर्यात तपासणी परिषदेचं प्रमाणपत्र लागतं, शिवाय वनस्पती विलगीकरण खात्याचा रोगमुक्ततेचा दाखला घेतला, धुरी दिली. ती कामं क्लिअरिंग एजंटनं केली. माल मुंबई-गोवा महामार्गानं न्हावा शेव्याला गेला, दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये चढला. त्या व्यापाऱ्याचा माल काय आहे हे मी आधी विचारून घेतलं. हळद होती.

आता माझं म्हणणं. या नियमाविरुद्ध मी नाही. आपणही हेच मागतो. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2020 च्या ऑगस्टमध्ये आदेश काढला आणि 2021 च्या मार्चपासून तो लागू झाला. सफरचंद, मका, सोयाबीन, तांदूळ, बटाटा धरून 24 पिकांचा माल आयात होताना मूळ देशाच्या अधिकृत यंत्रणेचं 'जीएम नाही' असं प्रमाणपत्र लागतं, अनवधानानं आलेल्या अंशाला एक टक्क्याची सूट आहे. यावर अमेरिकेसह काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली. वॉशिंग्टनच्या सफरचंदवाल्यानं जे सिद्ध करायचं तेच कुडाळच्या भातवालीनं सिद्ध करायचं, यात अन्याय नाही. अन्याय खर्चात आहे. दोन टनांचा लॉट असो की वीस टनांचा, चाचणीचं बिल तेवढंच. मोठा निर्यातदार ते पचवतो. आमच्या बायकांच्या हातात किलोमागे जे जास्तीचं पडायचं होतं त्यातला मोठा वाटा या अहवालांत गेला. दापोलीचं विद्यापीठ कोकणातल्या गटांसाठी सामायिक चाचणीची सोय करू शकलं तर हे ओझं निम्म्यावर येईल, आणि त्यासाठी आम्ही निवेदन देतो आहोत.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. 2025 च्या मे महिन्यात केंद्रानं जनुक-संपादित, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत बदल केलेल्या, भाताच्या दोन जाती जाहीर केल्या, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस 1'. यात बाहेरचं जनुक नसल्यानं आपल्याकडे 2022 च्या सवलतीनुसार त्या जीएमच्या नियमांत धरल्या जात नाहीत. पण युरोपीय न्यायालयानं 2018 मध्ये जनुक-संपादित पिकांना जीएमचाच कायदा लागू होतो असं म्हटलं होतं. शेतकऱ्याला या जातींनी फायदा होत असेल तर त्यानं त्या जरूर लावाव्यात. प्रश्न निर्यातीच्या कागदाचा आहे. या भातात 35 एस नाही, नॉस नाही, बीटी नाही. आमच्यासारखी पीसीआर चाचणी केली तर तिन्ही रकान्यांत 'आढळले नाही'च येणार. मग कुठल्या शेतात काय पेरलं हे सांगणारा एकच पुरावा उरतो, शेतकऱ्याकडची पावती आणि चिठ्ठी. म्हणून मी सगळ्या गटांना सांगते, प्रयोगशाळेचं नंतर बघा, आधी तरवा (लावणीची रोपं) पेरायच्या वेळी बियाण्याची वही घाला.

आमच्याकडे ती वही यंदा मृग नक्षत्राच्या आधी सुरू झाली. प्रत्येक घरासमोर जात, बियाण्याचा उगम, चिठ्ठीचा फोटो, कुठल्या मळ्यात लावणी झाली ते. सुट्या पिशवीतलं बियाणं घेतलेल्या त्या दोघांपैकी एकानं यंदा विद्यापीठाचं निळ्या चिठ्ठीचं बियाणं आणलं आहे. दुसऱ्यानं गेल्या वर्षीचंच भात बियाण्याला ठेवलं, कारण त्याला पीक आवडलं. त्याचं नाव वहीत आहे, समोर 'उगम माहीत नाही' असं लिहिलेलं. त्याचा तांदूळ कुडाळच्या बाजारात जाईल.